माणगावची कोंडी: यंदा एकच नेमकी मागणी घेऊन उभे राहू या

लांजेकर_डोंबिवली | ७ सप्टेंबर, रात्री ९.४०

काल विसर्जन करून आज परत आलो. अंग दुखतंय, पण हे आज लिहिलं नाही तर पुढच्या चतुर्थीपर्यंत राहून जाईल.

२५ ऑगस्टच्या रात्री अकराला डोंबिवलीहून निघालो. गाडीत मी, बायको, दोन मुलं आणि ७४ वर्षांची आई. पेण, नागोठणे, कोलाड हा टप्पा ठीक गेला. इंदापूर ओलांडलं आणि गाड्यांची रांग लागली. उजाडलं तेव्हा आम्ही माणगावच्या बाजारपेठेच्या अलीकडेच होतो. आईला साखरेचा त्रास आहे, तिला वेळेवर खायला लागतं. डब्यातलं संपलं होतं. शेजारच्या गाडीतल्या, ओळखदेखही नसलेल्या बाईंनी दोन घावणे आणि चटणी दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पण धागा काढायला कारण वेगळं आहे. साडेसहाच्या सुमारास मागून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. माणगावच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे जायचं होतं तिला. आमच्या डावीकडे गाड्यांची दुसरी रांग, उजवीकडे समोरून येणाऱ्यांच्या जागेत घुसलेली तिसरी. सरकायला वीतभर जागा नव्हती. शेवटी पंधरा-वीस जण खाली उतरले. मोटारसायकली उचलून बाजूला ठेवल्या, एक टेम्पो गटारापर्यंत ढकलला आणि हाताने वाट करून दिली. आत कोण होतं, त्याचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. गेले बारा दिवस तो भोंगा डोक्यातून जात नाही.

मुंबई-गोवा रस्त्याचा इतिहास इथे सगळ्यांना पाठ आहे. पूर्वीचा १७ नंबर, आताचा राष्ट्रीय महामार्ग ६६. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. इंदापूरच्या पुढचे टप्पे नंतर आले. त्यातले बरेच आज चांगले झाले आहेत हे मान्य करायला हवं. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटातला सगळा वेळ वाचतो. पण त्यामुळेच माणगाव जास्त बोचतं. दोन्ही बाजूंनी चार पदरांवरून वेगाने आलेल्या गाड्या जुन्या दुपदरी रस्त्याने भर बाजारातून काढायच्या. इंदापूरचा बायपास अपुरा, माणगावचा अपुरा. जोवर हे दोन होत नाहीत तोवर बाकी सगळ्या कामाचं चीज होणार नाही.

मी गेली कित्येक वर्षं या रस्त्यासाठी निघालेल्या प्रत्येक निवेदनावर सही केली आहे. दोनदा धरणं धरून बसलोय. कोकणातल्या पत्रकारांनी चौपदरीकरणासाठी जी आंदोलनं केली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. ती झाली नसती तर हा रस्ता कागदावरही आला नसता. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या, त्यांचाही उपयोग झाला. पण आपण सामान्य लोक जे मागतो ते नेहमी एकच असतं: ‘महामार्ग लवकर पूर्ण करा.’ याला उत्तरही ठरलेलं असतं: ‘काम प्रगतिपथावर आहे.’ मागणी एवढी मोठी की तिला जबाबदार असा एक माणूस सापडत नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा. पुढचे सहा महिने फक्त माणगाव. येत्या शिमग्याला, म्हणजे मार्चच्या सुरुवातीला, बाजारपेठेतून रुग्णवाहिका न अडकता गेली पाहिजे. त्यासाठी बायपास पूर्ण व्हायची वाट बघायची गरज नाही. चौकांत दुभाजक लावून तिसरी रांग बंद करणं, गर्दीच्या दिवशी अवजड वाहनं आधीच अडवणं, एसटीचे थांबे चौकापासून पुढे नेणं, खड्डे बुजवणं, हातगाड्या आणि रस्त्यावरचे विक्रेते हटवणं एवढ्याने बराच फरक पडेल. आणि बायपासच्या कामाचा महिनावार आराखडा तारखेसकट जाहीर करून घ्यायचा.

कोण कोण येतंय?

---

तळकोकणी | ७ सप्टेंबर, रात्री १०.१५

लांजेकर, तुमच्या आईंची तब्येत आता बरी आहे ना?

बाकी मला तुमचं पटत नाही. २०११ ला मी कॉलेजात होतो, आता माझा मुलगा पाचवीत आहे. निवेदनं देऊन काय झालं? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसट्या माणसांसकट गेल्या. तेव्हा कुठे यंत्रणा हलली आणि पुढच्या जूनमध्ये नवा पूल उभा राहिला. म्हणजे मनात आणलं तर वर्षाच्या आत पूल होतो. मनात आणायला भाग पाडावं लागतं. एक दिवस सगळ्या गावांनी मिळून रस्ता रोको करा, पळस्पे ते पत्रादेवी, म्हणजे पनवेलपासून गोव्याच्या हद्दीपर्यंत. दुसरी भाषा कळत नाही.

---

पोलादपूरची_सून | ७ सप्टेंबर, रात्री ११.०५

मी परिचारिका आहे, सोळा वर्षं रायगड जिल्ह्यातच नोकरी केली. कुठे ते लिहीत नाही.

तळकोकणी दादा, तुमचा राग मला समजतो. पण रस्ता रोको होतो तेव्हा आमच्याकडे येणारा पेशंट त्याच रस्त्यावर असतो. आंदोलक रुग्णवाहिका सोडतात, ते खरंच सोडतात. पण तीन किलोमीटर मागे अडकलेली रुग्णवाहिका त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. बाळंतपणाची बाई रिक्षातून येते, सर्पदंश झालेला माणूस मोटारसायकलवर मध्ये बसवून आणतात. त्यांच्या गाडीला भोंगा नसतो. कोण सोडणार त्यांना?

आणि लांजेकर दादा, ती रुग्णवाहिका चतुर्थीची होती म्हणून तुम्हाला दिसली. शनिवार-रविवारी हेच चालतं. मोठा अपघात झाला, डोक्याला मार असला, की माणगावहून पुढे मुंबईकडे हलवावं लागतं. पेशंटला आत आणताना एकदा कोंडी, बाहेर नेताना दुसऱ्यांदा. माझ्यासमोर असे पेशंट गेले आहेत ज्यांच्याबाबतीत अर्ध्या तासाने फरक पडला असता. त्यांच्या कागदावर मृत्यूचं कारण म्हणून रस्ता कधीच लिहिला जात नाही.

मी या कामात आहे. जे सांगाल ते करीन.

---

काळनदीकाठी | ८ सप्टेंबर, सकाळी ७.२०

माझं दुकान माणगावात, महामार्गालाच लागून. वडिलांनी सुरू केलं, मी चालवतो.

लांजेकर साहेब, तुमच्या आईला त्रास झाला याचं वाईट वाटलं. आमच्या बाजारातल्या पोरांनी त्या दोन दिवसांत पाण्याच्या बाटल्या वाटल्या, बायकांना घरात नेऊन शौचालयं वापरायला दिली. हे सांगतोय कारण मुंबईकर मंडळी आमच्याकडे अडथळा म्हणून बघतात. तुम्ही वर्षातून दोनदा अडकता. आम्ही रोज त्यात राहतो. माझी मुलगी शाळेत जायला हाच रस्ता ओलांडते, मी रोज तिला हाताला धरून पलीकडे सोडतो आणि मग शटर उघडतो. पावसाळ्यात चिखल, दिवाळीनंतर धूळ. दुकानातल्या मालावर दिवसातून तीनदा फडकं मारावं लागतं.

तुमच्या यादीतला शेवटचा मुद्दा मला लागला. हातगाडीवाल्यांना हटवा. ती माणसं कोण? आजूबाजूच्या वाड्यांवरून भाजी, सुकी मासळी घेऊन येणाऱ्या बायका. त्यांना हटवून रस्ता किती रुंद होणार, दोन फूट? कोंडी त्यांच्यामुळे होत नाही. कोंडी कशाने होते ते मी दुकानात बसून रोज बघतो, म्हणून सांगतो.

इथे फक्त मुंबई-गोवा रस्ता नाही. निजामपूरकडून ताम्हिणी घाटाचा रस्ता येतो, म्हणजे सगळं पुणं. दुसऱ्या बाजूला मोर्बा, साईवरून म्हसळ्याला रस्ता जातो, म्हणजे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. पुण्याहून श्रीवर्धनला जाणारी प्रत्येक गाडी महामार्गावर येते, थोडं अंतर चालते आणि पुन्हा वळते. शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी ही वळणारी वाहनं सरळ जाणाऱ्यांना दोन्ही बाजूंनी कापतात. एक बस वळायला थांबली की मागे रांग, रांगेतला एखादा उतावीळ उजवीकडून पुढे घुसतो, त्याच्या मागे दहा जण घुसतात, आणि समोरून येणारा ट्रक त्यांच्या तोंडासमोर उभा राहतो. मग कोणालाच हलता येत नाही. पोलीस दादा भर उन्हात येऊन एकेक गाडी मागे घ्यायला लावतात, तासभर जातो.

आता हे सांगा. तुमचा बायपास झाला की मुंबई-गोवा बाहेरून जाईल. पुणे-श्रीवर्धन कुठून जाणार?

---

लांजेकर_डोंबिवली | ८ सप्टेंबर, सकाळी ८.०५

काळनदीकाठी, तुमची माफी मागतो. विक्रेत्यांचा मुद्दा मी विचार न करता लिहिला. गाडीच्या काचेतून जे दिसलं ते लिहिलं. तो काढून टाकला असं समजा. ताम्हिणी आणि श्रीवर्धनच्या वाहतुकीचं मला अजिबात सुचलं नव्हतं. मी नेहमी सरळ जाणारा. तुम्ही नसाल तर ही मोहीम चालणार नाही, हे तुमचं लिखाण वाचून कळलं.

आई बरी आहे. विचारल्याबद्दल आभारी आहे.

---

मोजपट्टी | ८ सप्टेंबर, दुपारी १.३०

मी स्थापत्य अभियंता, रस्त्यांच्या आराखड्याचं काम करतो, सध्या मस्कतला आहे. गाव गोरेगाव, म्हणजे लोणेऱ्याजवळचं.

काळनदीकाठी यांनी जे वर्णन केलं तेच वाहतुकीच्या अभ्यासात मोजतात. ते मोजून दाखवलं तर त्या मागणीला वजन येईल. ‘प्रचंड गर्दी असते’ असं लिहिलेलं निवेदन बाजूला ठेवता येतं. तासाला किती वाहनं, कुठून कुठे, हा तक्ता बाजूला ठेवणं अवघड जातं, कारण त्याच्या विरुद्ध बोलायचं तर त्यांनाही मोजावं लागतं.

पद्धत अवघड नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनात प्रत्येक वाहनाला एक वजन दिलेलं आहे, त्याला पीसीयू म्हणतात. मोटार आणि रिक्षा १, मोटारसायकल अर्धा, छोटा टेम्पो दीड, बस किंवा ट्रक ३, ट्रेलर साडेचार, आणि बैलगाडी ८, कारण ती हळू चालते आणि मागच्या सगळ्यांना अडवते. सपाट भागातल्या मोकळ्या दुपदरी रस्त्याला दिवसाला सुमारे १५,००० पीसीयू हे आराखड्याचं प्रमाण धरतात. बाजारपेठेतून जाणारा, दोन्ही बाजूंना दुकानं, मध्ये चौक असा रस्ता त्याच्या बराच खाली दमतो.

एका चौकावर चार माणसं हवीत. प्रत्येकाने एकाच दिशेकडे बघायचं, पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यात काड्या मारायच्या. सरळ जाणारे वेगळे, वळणारे वेगळे. दोन तासांनी माणूस बदलायचा, नाहीतर डोळे थकतात आणि चुका होतात. व्यावसायिक मोजणी सात दिवस, चोवीस तास करतात. आपल्याला ते झेपणार नाही. पण एक शनिवार आणि एक साधा कामाचा दिवस, सकाळी ६ ते रात्री ८, एवढं नीट केलं तरी चित्र उभं राहील. तक्ता मी तयार करून देतो, नंतरची आकडेमोडही करतो.

आणि एक. वळणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं तर निव्वळ बायपासवर सगळी भिस्त ठेवून चालणार नाही. निजामपूर आणि मोर्बा रस्त्यांच्या चौकांची वेगळी सुधारणा मागावी लागेल. म्हणून आधी मोजू, मग मागू.

---

सातबारा | ८ सप्टेंबर, रात्री ८.५०

आमची जमीन या महामार्गात गेली. माणगावची नाही, जरा पुढची. त्यामुळे दोन शब्द लिहितो, कारण कोंडीचा विषय निघाला की ‘शेतकऱ्यांनी जमीन अडवली’ हे वाक्य येतंच.

आमच्या सातबाऱ्यावर चौदा नावं. त्यातली नऊ मुंबईत, दोघांचे वारस लावलेले नाहीत, आणि कुळाचं एक जुनं नाव. मोजणीला आलेल्या माणसांनी झाडं धरली नाहीत: सतरा आंबे, तीन फणस आणि एक विहीर. ती धरून घ्यायला मला अडीच वर्षं चकरा माराव्या लागल्या. माझा विरोध रस्त्याला कधीच नव्हता. विहीर कागदावर आणा, एवढंच म्हणणं होतं.

कायदा सांगतो तो असा. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ प्रमाणे कलम ३डी ची अधिसूचना निघाली की जमीन केंद्र सरकारकडे जाते. मोबदला ठरून तो सक्षम अधिकाऱ्याकडे जमा झाला की ३ई खाली साठ दिवसांची नोटीस देऊन ताबा घेता येतो. भाऊबंदांचं वाटणीवरून भांडण असेल तर रक्कम दिवाणी न्यायालयाकडे जाते, रस्ता थांबत नाही. रक्कम कमी वाटली तर ३जी (५) खाली लवादाकडे जायचं. तेव्हा ‘भूसंपादनामुळे काम रखडलं’ असं कोणी सांगितलं की त्याला विचारा, कोणता गट नंबर, त्यात कोणता टप्पा बाकी आहे, आणि मोबदला जमा केला का? तिथे गप्प झाले तर समजा की अडचण शेतकऱ्यांची नाही.

---

तळकोकणी | ८ सप्टेंबर, रात्री ९.३०

पोलादपूरची_सून ताई, तुमचं रात्री वाचलं. झोप लागली नाही. रस्ता रोकोचं मागे घेतो. तरी लोक रस्त्यावर दिसलेच पाहिजेत असं मला अजून वाटतं. रस्त्यावर नाही तर रस्त्याच्या कडेला. शिमग्याला गावागावांत माणसं असतातच. एका दिवशी इंदापूर ते माणगाव कडेने उभे राहू, वाहतूक न अडवता, हातात ‘रुग्णवाहिकेला वाट द्या’ असे फलक घेऊन. पण त्याआधी तुमची मोजणी होऊ दे.

सातबारा काका, आमच्या कणकवलीतही हेच झालं. उड्डाणपुलाच्या वेळी दुकानदार दोन वर्षं झोपले नाहीत. काळनदीकाठी यांना सांगतो, माझ्या काकाचं किराणाचं दुकान पुलाच्या कडेला आहे. गाड्या वरून जायला लागल्यावर पहिले काही महिने कठीण गेले. ज्यांचा धंदा निव्वळ वाटेवरच्या प्रवाशांच्या चहा-वड्यावर होता, त्यांचं नुकसान झालं, ते खोटं बोलून लपवायचं कशाला. पण पंचक्रोशीतलं गिऱ्हाईक वाढलं, कारण खेड्यातल्या माणसाला आता स्कूटर लावून दुकानात शिरता येतं.

---

काळनदीकाठी | ८ सप्टेंबर, रात्री १०.१०

हे खरं सांगितलंत, बरं वाटलं. आमच्या व्यापाऱ्यांतही दोन तट आहेत. मी बायपासच्या बाजूचा. पण बायपासच्या दोन्ही टोकांना गावात वळायची सोय नीट हवी, आणि तिथे चहा-नाश्तावाल्यांना रीतसर गाळे मिळावेत, ही आमची मागणी तुमच्या पत्रात असेल तर मी वीस दुकानदारांच्या सह्या आणतो.

---

फाइल_पाहणी | ९ सप्टेंबर, सकाळी ६.४५

बारा वर्षं माहितीचा अधिकार वापरतोय, शिक्षक आहे. थोडं तांत्रिक लिहितो, कारण चांगल्या मोहिमा इथेच अडतात.

आधी पत्ता. पनवेल-इंदापूर हा भाग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे. इंदापूरच्या पुढचा, म्हणजे माणगावसकट सिंधुदुर्गातल्या झारापपर्यंत, राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. मी सुरुवातीला माझं एक पत्र चुकीच्या ठिकाणी पाठवलं आणि तीन महिने घालवले. माहिती अधिकाराचा अर्ज असेल तर कलम ६(३) खाली त्यांनीच पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. साध्या निवेदनाला तसं काही संरक्षण नाही.

आपल्याकडच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो १५० शब्द, त्यामुळे लांबलचक कैफियत लिहू नका. दहा रुपयांचा अर्ज. ‘काम का रखडलं’ असं विचारू नका, ‘का’ हा प्रश्न परत येतो. कागद मागा. माणगाव बायपासच्या कराराची प्रत. काम पूर्ण करायची मूळ तारीख आणि मुदतवाढीचा प्रत्येक आदेश. रेल्वेमार्ग ओलांडणाऱ्या पुलाबद्दल कोकण रेल्वेशी झालेला पत्रव्यवहार. काम चालू असताना जुन्या रस्त्याची देखभाल कोणाकडे, ते करारातलं कलम. चार वेगळे अर्ज, चार वेगळ्या माणसांनी. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील पुढच्या तीस दिवसांत. ती तारीख वहीत लिहून ठेवा, लोक तिथेच विसरतात.

चौथ्या अर्जातलं देखभालीचं कलम सगळ्यांत कामाचं आहे. नवा रस्ता पूर्ण होईपर्यंत जुना रस्ता वाहतुकीयोग्य ठेवायची जबाबदारी बहुतेक करारांत ठेकेदारावर असते. ते कलम हातात आलं की खड्ड्यासाठी विनंती करावी लागत नाही, अंमलबजावणी मागता येते.

दुसरं, ठराव. लांजेकरांनी लिहिलं नाही, पण कोणीतरी ‘माणगावच्या ग्रामसभेत ठराव करू’ म्हणेल म्हणून सांगतो. माणगावला नगरपंचायत आहे, तिथे ग्रामसभा नसते. तिथे नगरसेवकांमार्फत सभेपुढे विषय न्यावा लागेल. भोवतालच्या गावांत मात्र ग्रामसभा आहेत आणि २ ऑक्टोबरला त्या व्हायच्याच असतात. यंदा दसराही त्याच दिवशी आहे, म्हणजे गावात माणसं असतील. विषयपत्रिकेवर विषय आधी यायला हवा, ऐनवेळी उठून बोललं तर इतिवृत्तात येत नाही.

तिसरं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. दुभाजक, थांबे, गतिरोधक, अवजड वाहनांच्या वेळा हे विषय तिथे मांडता येतात. मोजपट्टींचा तक्ता तिथे न्या.

---

पोलादपूरची_सून | ९ सप्टेंबर, दुपारी २.४०

सर, अपघातप्रवण ठिकाण ठरवायचा काही नियम असतो का? आमच्याकडे ठरावीक दोन-तीन जागांवरून पेशंट येतात, ड्रायव्हर लोकांना तोंडपाठ आहेत.

---

मोजपट्टी | ९ सप्टेंबर, दुपारी ४.१५

असतो. राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा तीन वर्षांत दहा मृत्यू. तसं ठिकाण यादीत आलं की त्यावर उपाय करणं बंधनकारक होतं. ताई, तुम्ही पेशंटची कोणतीच माहिती बाहेर देऊ नका, तुमची नोकरी अडचणीत येईल. फक्त जागा सांगा. त्या जागांचे गुन्हे पोलीस ठाण्यात नोंदलेले असतात, ते आकडे फाइल_पाहणी सर रीतसर अर्जाने मागतील.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कोंडीत अपघात कमी होतात, झाले तरी छोटे. मोठे अपघात होतात ते कोंडी सुटल्यावर, जेव्हा दोन तास अडकलेला ड्रायव्हर मोकळा रस्ता दिसताच गाडी दामटतो, आणि जिथे चौपदरी अचानक दुपदरी होतो तिथे. त्यामुळे माणगावच्या आत नाही, दोन्ही बाजूंच्या चार-पाच किलोमीटरांत बघा.

---

पोलादपूरची_सून | ९ सप्टेंबर, दुपारी ४.५०

तुम्ही सांगितलंत त्याच जागा आहेत.

---

लांजेकर_डोंबिवली | ९ सप्टेंबर, रात्री ११.००

सगळं तीनदा वाचलं. मी सुरुवातीला जी यादी केली होती ती आता बदलतो.

मोजणी आधी. २० आणि २१ सप्टेंबर असं मनात होतं, पण २१ ला सर्वपित्री अमावास्या आहे, घराघरांत पानं वाढायची असतात, कोणी येणार नाही. म्हणून शनिवार २७ आणि सोमवार २९. सोमवारी मी रजा टाकतो. निजामपूर रस्त्याचा चौक आणि मोर्बा रस्त्याचा चौक, दोन्हीकडे चार-चार माणसं, दोन तासांच्या पाळ्या. रुग्णवाहिका दिसली की वेगळ्या रकान्यात तिची चौकात यायची आणि चौकातून सुटायची वेळ लिहायची. पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवायचं, म्हणजे त्यांना शंका नको, आणि त्यांचंही म्हणणं ऐकू. तिथे उभं राहून उन्हात झुंजणारी माणसं तीच आहेत.

अर्ज चार, ते फाइल_पाहणी सरांच्या मजकुराप्रमाणे. मी, तळकोकणी, सातबारा काका आणि माझा मेहुणा.

पत्रात मागण्या पाच नाहीत, दोनच. शिमग्याआधी रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी ठेवणारी व्यवस्था दोन्ही चौकांत. आणि बायपासचा महिनावार आराखडा, त्यात दोन्ही टोकांना गावात वळायची सोय आणि गाळ्यांचा विचार. विक्रेत्यांबद्दल पत्रात एवढंच असेल की त्यांना विचारल्याशिवाय कोणालाही हलवू नये.

---

काळनदीकाठी | १० सप्टेंबर, सकाळी ७.०५

माझ्या दुकानाच्या गच्चीवरून निजामपूर चौक पूर्ण दिसतो. चार खुर्च्या, पंखा आणि पाणी आहे. रस्त्याच्या कडेला धुळीत बसायची गरज नाही. सकाळी ६ ते ८ ची पहिली पाळी मी आणि मुलगी घेतो, तिला काड्या मारायचं काम आवडेल. दुसऱ्या चौकासाठी एका मित्राला विचारलं आहे, त्याच्या घराचा पहिला मजला मिळेल.

जेवण आमच्याकडे. किती जण ते शुक्रवारपर्यंत कळवा, आणि गाडी घेऊन येणाऱ्यांनी ती बाजारात आणू नका. माझ्या भावाच्या वाडीत लावायची, तिथून चालत दहा मिनिटं.

---

तळकोकणी | १० सप्टेंबर, सकाळी ७.३०

मी रात्रीच्या गाडीने येतो, कोकण रेल्वेने. शनिवारी दुपारी १२ ते २ आणि ४ ते ६ माझ्या नावावर लिहा. तक्त्याच्या पन्नास प्रती कणकवलीतून छापून आणतो.